लुसाकातली सिस्टरची खोली : झाम्बियाच्या गर्भाशयमुख तपासणी सेवेचं परीक्षण

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या, गोळ्या घ्यायला आलेली बाई रांगेतून उठते आणि त्याच आवारातल्या दुसऱ्या खोलीत जाते. तिथे गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी होते, गरज असली तर लगेच उपचारही होतो, आणि ती परत गोळ्यांच्या खिडकीवर येते. खोलीत डॉक्टर नाही, सूक्ष्मदर्शक नाही, ‘पुढच्या सोमवारी रिपोर्ट घ्यायला या’ असं सांगणारी चिठ्ठी नाही. सगळं काम प्रशिक्षित नर्स करते. झाम्बियात २००६ साली राजधानी लुसाकातल्या सरकारी दवाखान्यांत ही सेवा सुरू झाली. डॉ. ग्रोसबेक पार्हम आणि डॉ. मुलिंदी म्वानाहामुंतु हे तिचे शिल्पकार. २०१३ पर्यंत तिथे एक लाखाहून जास्त बायकांची तपासणी झाली होती. त्यांतल्या सुमारे २८ टक्के बायका एचआयव्हीसह जगणाऱ्या होत्या.

सेवा मोफत आहे. तरीही तिचं परीक्षण हवं, कारण आफ्रिकेतल्या इतर देशांनी हाच नमुना उचलला आहे आणि आपल्याकडेही ‘एआरटी केंद्रातच तपासणी करा’ असं बोललं जातं. उचलायचं तर काय उचलायचं आणि काय तिथेच ठेवायचं, हे कळायला हवं.

आधी गरज किती आहे ते पाहू. एचआयव्हीच्या साथीने आफ्रिकेतल्या कॅन्सरच्या नोंदवह्यांची उलथापालथ केली. कापोसी सार्कोमा हा पूर्वी मध्य आणि पूर्व आफ्रिकेत म्हाताऱ्या पुरुषांच्या पायांवर दिसणारा, वर्षानुवर्षं रेंगाळणारा आजार होता. १९९० च्या दशकात कंपाला आणि हरारे या शहरांच्या नोंदींत तो पुरुषांमधला पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर झाला. त्यामागचा विषाणू, एचएचव्ही-८, सापडला १९९४ मध्ये. नॉन-हॉजकिन लिम्फोमा हा लसिकापेशींचा कॅन्सर वाढला. विषुववृत्ताच्या कडक उन्हात डोळ्याच्या बुबुळाशेजारच्या पांढऱ्या पडद्याचा कॅन्सर वाढला. तो इतर ठिकाणी फार कमी दिसतो. एआरटी सरकारी दवाखान्यांत पोचली तसा कापोसीचा जोर ओसरला. प्रतिकारशक्ती सावरली की हा आजार पुष्कळदा मागे हटतो.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं गणित वेगळं आहे. त्याला कारण होणारा विषाणू, एचपीव्ही, बहुतेक बायकांना तरुण वयात होतो आणि शरीर तो एक-दोन वर्षांत परतवून लावतं. एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) घटलेल्या शरीराला ते जमत नाही. विषाणू ठाण मांडतो, पेशी बदलायला लागतात, आणि हा बदल वर्षानुवर्षं चालू राहतो. एआरटी वेळेवर सुरू झाली तर हा वेग कमी होतो, पण आधी झालेलं नुकसान पुसलं जात नाही. शिवाय जी बाई पूर्वी पस्तिशीत क्षयाने गेली असती ती आता पन्नाशी पाहते, म्हणजे कॅन्सर व्हायला लागणारी वर्षं तिला मिळतात. (हे औषधाचं अपयश नाही. उलट औषध चाललं म्हणून हा प्रश्न समोर आला.) एचआयव्ही असलेल्या बाईला या कॅन्सरचा धोका सहापट असतो. २०१८ च्या अंदाजानुसार जगभरात हा कॅन्सर झालेल्या १०० बायकांपैकी जेमतेम ६ जणी एचआयव्हीसह जगत होत्या. पूर्व आफ्रिकेत तोच आकडा सुमारे २७ आणि खंडाच्या दक्षिण टोकाला सुमारे ६४. ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर-नोंदीच्या २०२० च्या आकड्यांत, वयाचा फरक जुळवून घेतल्यावर, एक लाख बायकांमागे दर वर्षी नव्या रुग्ण एस्वातिनीत ८४.५, मलावीत ६७.९, झाम्बियात ६५.५. भारतात हाच आकडा १८ आहे.

म्हणून सेवेची जागा अचूक आहे, आणि पूर्ण गुण तिलाच. ज्या बाईला धोका सर्वांत जास्त, ती दर काही महिन्यांनी गोळ्यांसाठी इथे येतेच. तिला वेगळ्या बसभाड्याची, वेगळ्या रजेची, वेगळ्या कारणाची गरज नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. खोली फक्त एआरटीच्या बायकांसाठी ठेवली तर तिच्यात शिरणं म्हणजे आपला आजार जाहीर करणं होतं. म्हणून ती एचआयव्ही नसलेल्यांनाही खुली ठेवावी लागते. लुसाकात तशी ती आहे, आणि वरचा २८ टक्क्यांचा आकडा त्याचीच साक्ष देतो.

आता खोलीच्या आत.

बाई टेबलावर झोपते, नर्स योनी उघडी धरणारं उपकरण, स्पेक्युलम, घालते, चिकट स्राव ओल्या कापसाने पुसून काढते आणि ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला बोळा गर्भाशयमुखावर धरते. म्हणजे व्हिनेगरच. पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून. ज्या पेशींत केंद्रक मोठं आणि प्रथिनं दाट झालेली असतात, तो भाग पांढरा होतो. पहिली चूक या मिनिटातच होते. गर्दी असली की मिनिटाचे वीस सेकंद होतात, पांढरा भाग उमटायच्या आत बोळा निघतो आणि नोंदवहीत ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं. दुसरी चूक द्रावणाची. ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि ९५ मिली पाणी, हे ५ टक्क्यांचं माप. बाटली रोज ताजी भरायची, तारीख लिहायची, आणि मूळ ॲसिडची बाटली त्या खोलीत ठेवायचीच नाही. विरळ न केलेलं ॲसिड चुकून लागलं तर श्लेष्मल त्वचा भाजते. तिसरी चूक उजेडाची. पिवळ्या टॉर्चच्या उजेडात फिकट पांढरा आणि गुलाबी यांतला फरक दिसत नाही. पांढरा हॅलोजन किंवा एलईडी दिवा ही चैन नाही.

झाम्बियाने या साध्या तपासणीत जी भर घातली ती म्हणजे कॅमेरा. व्हिनेगर लावल्यावर नर्स साध्या डिजिटल कॅमेऱ्याने जवळून फोटो काढते आणि तो पडद्यावर मोठा करून बघते. बाईलाही दाखवते. शंका असेल तर तोच फोटो दूरच्या तज्ज्ञाकडे जातो. नर्सेस आणि डॉक्टर एकत्र बसून जुने फोटो पुन्हा तपासतात, हा भाग सेवेचा कणा आहे. नजरेने केलेल्या तपासणीची सगळ्यात मोठी अडचण ही की चूक झाल्याचं कोणाला कळतच नाही, कारण मागे काही उरत नाही. फोटो मागे उरतो. ज्यांनी हा नमुना उचलताना खर्च वाचवायला कॅमेरा वगळला, त्यांनी मुळातला जीवच काढून टाकला.

इतकं करूनही नजरेची मर्यादा राहते, आणि एचआयव्हीत ती जास्त जाणवते. जोहान्सबर्गमध्ये एचआयव्ही असलेल्या बायकांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हिनेगर तपासणीला गंभीर पूर्वकर्करोग (कॅन्सरच्या आधीचा पेशींतला बदल) असलेल्या १०० पैकी सुमारे ६५ जणी सापडल्या. पॅप स्मिअरला (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याच्या तपासणीला) सुमारे ७६, एचपीव्ही चाचणीला सुमारे ९२. बाकीच्या बायकांना निर्दोष ठरवण्यात मात्र एचपीव्ही चाचणी मागे पडली. ज्यांना तसा आजार नव्हता त्यांतल्या जवळजवळ अर्ध्या जणी तिने पॉझिटिव्ह दाखवल्या. कारण सरळ आहे. एचआयव्हीत एचपीव्ही पुष्कळ बायकांत मुक्कामाला असतो, पण प्रत्येकीच्या पेशी बदललेल्या नसतात. उलट बाजूने, साधी सूज किंवा जंतुसंसर्गही व्हिनेगरखाली पांढरा दिसतो, आणि पन्नाशीनंतर दोन प्रकारच्या पेशींची सीमारेषा आत सरकते, तिथे नजर पोचतच नाही.

इथे महाराष्ट्राचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. या तपासणीचे जगातले दोन मोठे दाखले आपल्याच राज्यातले आहेत. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आधाराने, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांची चार गटांत विभागणी झाली. २००९ साली निकाल आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. एकदाच केलेल्या व्हिनेगर तपासणीने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने तीच व्हिनेगर तपासणी डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करवली, पण दर दोन वर्षांनी, चार वेळा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. द्रावण एकच, निकाल दोन. दोन्ही प्रयोगांत बरंच काही वेगळं होतं, पण आमच्या मते मुख्य फरक फेऱ्यांचा आहे. एकदा पाहणारी नजर चुकते. तीच नजर पुन्हा पुन्हा आली तर चुकलेलं सापडतं. हे दोन्ही अभ्यास सर्वसाधारण बायकांचे होते. एचआयव्हीत आजार वेगाने पुढे जातो, त्यामुळे फेरी चुकण्याची किंमत तिथे जास्त.

उपचाराकडे वळू. सेवेची सुरुवात झाली क्रायोथेरपीने. कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रस ऑक्साइडने गार केलेलं धातूचं टोक गर्भाशयमुखावर टेकवायचं, ३ मिनिटं गोठवायचं, ५ मिनिटं वितळू द्यायचं, पुन्हा ३ मिनिटं गोठवायचं. टोकाच्या कडेपासून ४-५ मिलिमीटर बाहेर बर्फाची कड आली की खोलवरच्या पेशी मरतात. कागदावर हे सोपं आहे. दवाखान्यात त्रास सिलिंडरचा. तो जड असतो, शहरातून आणावा लागतो आणि दुपारी तिसऱ्या बाईच्या वेळी दाब उतरतो. दाब उतरला की बर्फ बनतो पण पुरेसा खोल जात नाही, आणि बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं. गॅसमध्ये ओलावा असेल तर नळीच्या तोंडाशी बर्फ साचून प्रवाह अडकतो. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे दुसऱ्यांदा गोठवण्याआधी पुन्हा बघावं लागतं. कितीजण बघतात?

त्यामुळे हातात धरायची, बॅटरीवर चालणारी थर्मल ॲब्लेशनची, म्हणजे उष्णतेने पेशी जाळण्याची, यंत्रं आली तेव्हा सिस्टर लोकांचा सुटकेचा निःश्वास ऐकू यावा इतका फरक पडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्यासाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या : किमान १०० अंश सेल्सिअस, २० ते ३० सेकंद, आणि एका वेळेला सगळा भाग झाकला जात नसेल तर टोक थोडं सरकवून पुन्हा. अकरा मिनिटांचं काम एक-दोन मिनिटांवर येतं. सिलिंडर संपत नाही, बॅटरी मात्र संपते, म्हणून दुसरी बॅटरी नेहमी चार्ज केलेली हवी. खरी अडवणूक टोकांची होते. एकच टोक असलं तर प्रत्येक बाईनंतर ते धुवायला आणि निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे निर्जंतुक करायला वेळ जातो, आणि तो वाचवण्याचा मोह होतो. यंत्र एक चालेल, टोकं किमान चार हवीत.

परिणाम किती? लुसाकातच ७५० बायकांवर झालेल्या तुलनेत, सहा महिन्यांनंतर उपचार यशस्वी ठरल्याचं प्रमाण क्रायोथेरपीत ६० टक्के, थर्मल ॲब्लेशनमध्ये ६४, आणि विजेच्या तारेच्या फाशाने भाग कापून काढण्यात ६७. तीनही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की निवड परिणामावर नव्हे तर सोयीवर करावी. पण तीनही आकडे शंभरापासून किती दूर आहेत तेही बघा. ‘एकदा भाजलं, सुटलो’ असं इथे नाही.

आणि प्रत्येकीला भाजताही येत नाही. पांढरा भाग गर्भाशयमुखाच्या तीन चतुर्थांशांहून जास्त असेल, आतल्या नळीत शिरत असेल, सीमारेषा पूर्ण दिसत नसेल किंवा कॅन्सरचाच संशय असेल, तर थर्मल किंवा क्रायो वापरायचं नाही. तिला कापून काढण्यासाठी किंवा बायोप्सीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. एचआयव्हीत पांढरे भाग मोठे असतात, त्यामुळे असे रुग्ण जास्त निघतात. ‘त्याच दिवशी उपचार’ ही जाहिरात नेमकी ज्यांना सर्वांत जास्त गरज त्यांच्यासाठी खोटी ठरते, कारण त्यांना चिठ्ठी आणि प्रवास दोन्ही मिळतं. लुसाका शहरात राहणाऱ्या बाईला विद्यापीठाचं रुग्णालय जवळ आहे. देशाचं कॅन्सर रुग्णालयही राजधानीतच आहे. दूरच्या प्रांतातल्या बाईचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. जिल्हा पातळीवर कापून काढण्याची सोय नसेल, तर खोल्या वाढवत नेण्यात फारसा अर्थ नाही.

उपचारानंतर नर्सने दोन गोष्टी बजावून सांगायच्या असतात. काही आठवडे अंगावरून पाण्यासारखा स्राव जाईल, घाबरू नये. वास आला, ताप आला किंवा रक्त जास्त गेलं तर यायचं. आणि महिनाभर शरीरसंबंध नको, टाळता येत नसेल तर कंडोम. जखम भरेपर्यंत त्या स्रावातून एचआयव्ही बाहेर पडण्याची शक्यता वाढते. हे नवऱ्यासमोर बोलायला बाई कचरते, म्हणून कंडोम हातात देऊनच पाठवावं.

मग नजरेच्या जागी एचपीव्ही चाचणी आणावी का? २०२१ च्या जागतिक सूचना तेच म्हणतात : एचआयव्ही असलेल्या बाईची तपासणी २५ व्या वर्षापासून, एचपीव्ही चाचणीने, दर ३ ते ५ वर्षांनी, आणि पॉझिटिव्ह आली तर उपचाराआधी आणखी एक चाळणी. सर्वसाधारण बायकांसाठी हेच वय ३० आणि अंतर ५ ते १० वर्षं. यंत्र बहुतेक ठिकाणी आधीच आहे. क्षयाच्या तपासणीसाठी ठेवलेलं जीनएक्सपर्ट एचपीव्हीच्या काडतुसावरही (नमुना भरून यंत्रात घालायच्या, एकदाच वापरायच्या डबीवरही) चालतं आणि तासाभरात निकाल देतं. नमुना बाई स्वतः घेऊ शकते. ब्रश योनीत घालून फिरवायचा आणि नळीत टाकायचा. टेबल नाही, स्पेक्युलम नाही. लाजून मागे फिरणाऱ्या बायकांसाठी ही मोठी सोय.

अडचण वेळापत्रकाची आहे. चार कप्प्यांच्या यंत्रात तासाला चार नमुने जातात. त्यातच क्षयाचे नमुने, त्यातच एचआयव्हीच्या व्हायरल लोडचे (रक्तात विषाणू किती हे मोजण्याचे), आणि तो एकेक सुमारे दीड तास घेतो. म्हणजे एचपीव्हीच्या वाट्याला दिवसाला दहा-बारा नमुने आले तरी नशीब. त्याच दिवशी निकाल आणि उपचार हवा असेल तर नमुने सकाळी अकराच्या आत यंत्रात गेलेच पाहिजेत. नाही तर चाचणी अचूक, पण बाई घरी. शिवाय नमुन्यात पेशी कमी असल्या किंवा श्लेष्मा जास्त असला तर यंत्र ‘अवैध’ म्हणतं आणि काडतूस वाया जातं.

निकाल वाचण्यातही हुशारी लागते. काडतुसात एचपीव्हीचे १४ प्रकार, क्रमांकांनी ओळखले जाणारे, पाच गटांत मोजले जातात. त्यांतले १६, १८/४५ आणि ३१/३३/३५/५२/५८ हे तीन गट धोक्याचे. उरलेल्या दोन गटांतल्या प्रकारांमुळे कॅन्सर क्वचित होतो, पण पॉझिटिव्हचा आकडा फुगतो. ते दोन बाजूला ठेवले तर विनाकारण भाजणं बरंच कमी होतं आणि गंभीर आजार फारसा निसटत नाही. ३५ क्रमांकाकडे मात्र विशेष लक्ष हवं. आफ्रिकी बायकांच्या कॅन्सरमध्ये तो इतरांपेक्षा जास्त सापडतो आणि नऊ प्रकारांच्या लसीतही तो नाही. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक चार प्रकारांची आहे, तिच्यातही नाही. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी लागणार, हे त्यावरून समजावं. एचआयव्ही असलेल्यांना लसीचे किमान दोन, शक्यतो तीन डोस द्यायचे असतात.

सेवेबद्दल सर्वांत मोठी तक्रार पुढच्या वर्षाची आहे. उपचार झालेल्या एचआयव्ही असलेल्या बाईने १२ महिन्यांनी पुन्हा यायचं, तेव्हा निगेटिव्ह आली तर आणखी १२ महिन्यांनी पुन्हा, आणि मगच नेहमीच्या अंतरावर. वरचे ६० ते ६७ टक्क्यांचे आकडे बघितल्यावर हे का ते कळतं. पण अशा खोल्यांची नोंदवही वेगळी आणि एआरटीची फाइल वेगळी असते. गोळ्या देणाऱ्याला या बाईची तपासणी बाकी आहे हे दिसत नाही. बाई दर तीन महिन्यांनी वीस पावलांवर येऊन जाते आणि कोणी तिला हाक मारत नाही. जागेला दिलेले पूर्ण गुण इथे परत घ्यावेसे वाटतात.

दुसरी तक्रार : खोलीत फक्त गर्भाशयमुख बघितलं जातं. आ करायला सांगून टाळूवरचा जांभळा डाग आणि तळपायावरचे गडद उंचवटे बघायला अर्धं मिनिट पुरतं, आणि कापोसी तिथेच दिसतो. डोळ्याच्या कोपऱ्यात वाढणारा मांसल भागही दिसतो. नर्सच्या प्रशिक्षणात एक दिवस वाढवला तर हे सगळं होतं.

पैशाबद्दल थोडं. या नमुन्याचा विस्तार बराचसा अमेरिकेच्या एड्स निधीवर झाला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘गो फर्दर’ भागीदारीत सुरुवातीला झाम्बियासह आठ देश होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा हा पाया किती दुसऱ्याच्या हातात आहे ते दिसलं. व्हिनेगर आणि कापूस देशाच्या पैशातून येऊ शकतो. काडतुसं आणि नर्सचा पगार हा खरा खर्च.

आपल्याकडच्या एखाद्या एआरटी केंद्राला ही खोली उभी करायची असेल, तर खरेदीचा क्रम असा ठेवावा. आधी जिल्हा रुग्णालयात कापून काढण्याची सोय आणि ते करणाऱ्या डॉक्टरचा आठवड्यातला ठरलेला वार. मग पांढरा दिवा, कॅमेरा, पडदा. मग थर्मल यंत्र, चार टोकं, दोन बॅटऱ्या. जीनएक्सपर्टवर सकाळचे दोन तास लेखी राखून मिळाले तरच एचपीव्हीची काडतुसं. आणि या सगळ्याच्या आधी, फुकटात होणारं काम : एआरटीच्या फाइलच्या पहिल्या पानावर ‘गर्भाशयमुख तपासणी, पुढची तारीख’ असा एक रकाना, आणि तो रिकामा असेल तर गोळ्यांच्या खिडकीवरून बाईला आधी सिस्टरच्या खोलीत पाठवायचं.